घोडा टिकत नव्हता

आधीच माफी मागतो. शाळा आठवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात. मामानं सांगितलं तसंच लिहितोय.

जेवणं झाली होती. गच्चीवर अंथरुणं पडली होती. मामा म्हणाला, "भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भुतं रिकामटेकड्यांना दिसतात. पण हा माणूस रिकामटेकडा नव्हता."

तो म्हणजे मामाचा दोस्त, बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री. हात सोन्याचा, तोंड गटाराचं. दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडल्याशिवाय त्याला चहा पचत नसे.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. दुपारी एक गिऱ्हाईक वडिलांचं जुनं, परवान्याचं पिस्तूल घेऊन आलं. घोडा मागे ओढला की टिकत नव्हता, लगेच पुढे पडायचा. मिस्त्रीनं खोलून पाहिलं. घोडा अडकवून धरणाऱ्या तुकड्याची खाच पार गेलेली.

"ही झीज नव्हे. कुणीतरी घासलंय. घासलंय कसलं, खाजवलंय! कुठल्या गाढवानं कानस हातात धरली?"

"आमच्या आईनं," गिऱ्हाईक म्हणालं. "आम्हा भावांचं घरावरून वाजलं, तेव्हा. मरायच्या आधी म्हातारीचं डोकंच फिरलं होतं. तुम्ही नवं बसवा. धाकट्याला नुसतं दाखवायचंय."

"दाखवायला घोडा कशाला टिकायला लागतो?"

गिऱ्हाईकानं नजर दाराकडे वळवली. मिस्त्रीला काय ते कळलं. तरी म्हणाला, "मला काय, भाऊ तुझा. उद्या सकाळी ये."

संध्याकाळपर्यंत त्यानं नवा तुकडा घडवला, खाच पाडली, मग तापवून पाणी देऊन कानस चालणार नाही इतका कडक केला. बायकोशी भांडण होतं, ते रोजचंच. शटर आतून लावून तो दुकानातच आडवा झाला. तुकडा बाकावर.

दीडच्या सुमारास... खसखस. खसखस.

कानस. त्याच्याच बाकावर. अंधारात. पुढे-मागे, पुढे-मागे, अडाण्यासारखी रेटलेली.

मिस्त्री अर्धवट झोपेत. सवयीनं खेकसला, "ए अडाणी! मागे आणताना उचल की! दात मरतात तिचे!"

आवाज थांबला.

मग...

खस्.

जरा थांबून... खस्.

उचलून. बरोब्बर.

मिस्त्रीची झोप उडाली. शटर आतून बंद. किल्ली उशाखाली. बत्ती लावायची होती. हात उठेना.

खस्...

"अहो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "अहो बाई... राहू द्या. मी नाही करून देत."

खस्.

मग काही नाही.

"मामा, फेकू नकोस हं," चुलतभाऊ म्हणाला. हसला, पण माझ्याकडे सरकला.

"फेकतोय तर ऐकू नकोस. उजाडलं तेव्हा नव्या तुकड्यावर खाच नव्हती. गिऱ्हाईक आलं. मिस्त्री म्हणाला, जमत नाही. ते फिदीफिदी हसलं. म्हातारीनं बिघडवलेलं नीट करता येत नाही, आणि मिस्त्री म्हणवता? एरवी मिस्त्रीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, नाही येत. पिस्तूल तसंच परत दिलं. धाकटा अजून आहे. दोन पोरं आहेत त्याला."

"आणि तो तुकडा?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

मामानं पाकिटातून काढला. नखाएवढा. "मिस्त्री वारला, त्याच्या आधी मला देऊन गेला."

कुणी हात पुढे केला नाही. मी घेतला.

मी गेट-ग्रिलच्या कारखान्यात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. घासलेल्या बाजूवर नख फिरवलं. काचेसारखी. मग तुकडा वाइसमध्ये आवळला, कोरी कानस काढली आणि जोर लावून एकदा ओढली.

कानस घसरली. ओरखडासुद्धा उमटला नाही.