पाण्याची रेषा

औषधांची चाचणी करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘तीनदा’ म्हणायचे, कारण ती प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची. काम नेमकं होतं. औषधाने यकृताला इजा झाली की तिथल्या पेशींमधले मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे रक्तात पाझरतात, नेहमीच्या तपासण्यांना सुगावा लागायच्या आधीच. यंत्र दर फेरीला ते तुकडे दुप्पट करत चाळीस फेऱ्या घेतं. तुकडे जितके जास्त, तितक्या लवकर पडद्यावरची रेषा वर उठते. नमुन्यांच्या ताटलीतल्या शेवटच्या खळग्यात मात्र पडताळणीसाठी नुसतं पाणी. त्याची रेषा आडवीच राहायला हवी.

सोमवारी ती रेषा छत्तिसाव्या फेरीला उठली.

कुठेतरी हात लागला असेल, म्हणून तिने पाणी बदललं, हातमोजे बदलले. मंगळवारी एकतिसावी फेरी. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “पाण्याला कावीळ झाली वाटतं.” ती हसली नाही. बुधवारी एकाच बाटलीतून तिने एक खळगा त्याला भरायला लावला, एक स्वतः भरला.

त्याचं पाणी गप्प राहिलं. तिचं सव्विसाव्या फेरीला बोललं.

म्हणजे खोट बाटलीत नव्हती. तिने स्वतःचं रक्त तपासलं, ठणठणीत निघालं. मग हातमोजे काढून हात नाकाशी नेले. साबणाच्या वासाखाली पुसटसा गोड वास होता, ठमीच्या तापाच्या औषधाचा. तिची दहा महिन्यांची लेक रविवारपासून फणफणली होती.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, मोजमापावर होता. तिने घरी फोन लावला आणि ठमीला औषध किती वेळा देता, असं सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तू घरी येईपर्यंत चारदा. बाटलीवर लिहिलंय तसंच देते गं, घड्याळ लावून.”

“आई, मीही देतेय. निघायच्या आधी, आणि आल्यावर.”



तासाभरात ठमी इस्पितळात होती. यकृताचा नेहमीचा अहवाल अजून स्वच्छ होता, पण रक्तात औषध भलतंच साठलं होतं. लगेच सलाईनमधून उतारा सुरू झाला. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तुम्हाला कळलं कसं, असंही त्यांनी विचारलं.

“मोजलं,” ती म्हणाली.

शुक्रवारी ताप उतरला. ठमी आजीचा चष्मा ओढून खिदळत होती. खात्री असावी म्हणून ठमीच्या रक्ताची एक नळी तिने प्रयोगशाळेत नेली. जिवंत माणसाच्या रक्तात हे तुकडे थोडे तरी असतातच. निरोग्याची रेषासुद्धा तिसाव्या फेरीच्या आसपास उठते.

तीस. पस्तीस. चाळीस.

रेषा आडवी.

तिने तीनदा मोजलं.

सहकारी मागून डोकावला. “चला, पाणी शांत झालं एकदाचं.”

“हो,” ती म्हणाली, आणि रेषेशेजारी लिहिलेलं ठमीचं नाव तळव्याने झाकलं.