कानामागची गोचीड

लोक म्हणायचे, खाटकाच्या पोरीचा हात जड असतो. लोकांच्या जिभेला हाड नसतं. असतं, तर तिने ते केव्हाच सत्तुराने फोडलं असतं.

त्या दुपारी पावसाची भुरभुर चालू होती. दुकान रिकामं. तेवढ्यात दारात एक जमीन मोजणारा येऊन उभा राहिला. खांद्यावर तिपाई, पँटभर कुसळं, पापण्यांवर थेंब.

"टेकडीवरून उतरलो, वाट चुकली. बाजाराचा रस्ता..."

"हलू नका," ती म्हणाली.

तो हलला नाही. हातात सत्तूर असलेल्या बाईपुढे कोण हलतो?

सत्तूर ठेवून तिने हात धुतले. बकऱ्याच्या पायांवरचे केस उपटायचा चिमटा घेतला आणि त्याच्या कानाशी वाकली. ओल्या गवताचा वास आला... तिने उगाचच दोनदा श्वास घेतला.

"गोचीड आहे. टम्म फुगलीय, फुकट्या पाहुण्यासारखी."

"दुखेल?"

"तिला."

गोचीड निघाली. पोरीचं बोट मात्र त्याच्या मानेवर क्षणभर जास्तच रेंगाळलं.

मग तो येतच राहिला. "बघता का जरा... कानामागे?" कधी काही सापडायचं, बहुतेकदा नाहीच. तरी ती बघायची. सावकाश. बाहेर पागोळ्या गळायच्या आणि रस्ता धुक्यात विरून जायचा, जणू जगात त्या दोन हात जागेपलीकडे काही नव्हतंच.

एकदा तिने त्याला दुपारी जेवायला बसवलं. संध्याकाळी त्याच्या अंगावर गांधी उठल्या. "पित्त असेल," तो म्हणाला. पण खाटकाच्या घरी जेवून माणूस आजारी? तिच्या वर्मी लागलं. पुढच्या वेळी तिने छातीचे चरबीदार तुकडे निवडले. तो आणखी सुजला. मग तिने त्याहून चांगले निवडले! प्रेम असं आंधळं असतं. त्यात खाटकाचा अभिमान मिसळला, की विचारूच नका.

अप्पांची, म्हणजे तिच्या बापाची, एकच अट होती. "जावई माझ्या ठोकळ्यावर कापलेलं खाणारा पाहिजे." आधीचं एक स्थळ नाकाला रुमाल लावून दुकानाबाहेरच उभं राहिलं होतं. त्यांच्या घरी मटण मात्र याच दुकानातून जायचं. मटण चालतं, पोरगी चालत नाही! अप्पा ते विसरले नव्हते, आणि का विसरावं?

म्हणून अप्पांनी मोजणीवाल्याला जेवायला बोलावलं. स्वतः कापलं, स्वतः वाढलं. तो सगळं खाऊन उठला. अप्पा खूश. ती तर हवेतच.

दिवेलागणीला त्याचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. तिने त्याला दुकानाच्या टेम्पोत घातलं आणि दवाखाना गाठला. इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला, तेव्हा कुठे तिची मूठ उघडली. मुठीत त्याची बाही होती.

"माझं मटण ताजं होतं!" अप्पा दारातूनच गरजले.

"ताजंच असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांना कधी गोचीड चावलीय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही लाजले.

"काही गोचिडींच्या लाळेत एक साखर असते. तीच चार पायांच्या जनावरांच्या मटणात असते. गोचीड चावली की एखाद्याचं अंग त्या साखरेशी वैर धरतं. मटण खाल्ल्यावर काही तासांनी भडकतं, म्हणून मटणावर कुणाचा संशय जात नाही. चरबी असली तर आणखीनच. कोंबडी, मासे चालतील. मटण बंद. परत गोचिडी चावल्या नाहीत, तर काही वर्षांनी कमी होईलही, पण भरवसा नाही."

चरबी म्हटल्यावर तिने मान खाली घातली.

"तुला काहीच कळलं नाही का रे?" अप्पांनी त्याला विचारलं.

"शंका होती."

"मग गिळलंस कशाला, मूर्खा?"

"नको म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं... मला तुमच्या ठोकळ्याची घाण वाटते."

अप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं. अट ती अटच. अप्पांनी शब्द फिरवलेला तिने कधी पाहिला नव्हता. मग ते खाकरले.

"कोंबड्यासुद्धा मीच कापतो म्हणावं. त्याच ठोकळ्यावर." आणि डोळे पुसत बाहेर गेले.

सकाळी दवाखान्याच्या खिडकीबाहेर भुरभुर होती. टेकडी धूसर, अर्धी आभाळात.

"ती टेकडी सोडा आता," ती म्हणाली.

"पोट आहे तिच्यावर. पँट मोज्यात खोचेन, आरशात बघत जाईन."

"कानामागचं दिसतं आरशात?"

"नाही..."

"मग रोज संध्याकाळी कोण बघणार?"

त्याने मान वळवून कान तिच्यापुढे केला.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि वाकली.

चिमटा दुकानातच राहिला होता.