कासूच्या खारातला चढ

शरीफ मुकादम मूळचा रोह्याचा. कॉलेजच्या वर्षांत गाडीनं जाता-येता कासूचं स्टेशन त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं, की रुळांपलीकडची खाडीपर्यंत पसरलेली खारजमीन त्याला डोळे मिटूनही दिसायची. ताटासारखी सपाट.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत पुण्याच्या ऑफिसात नेमकं त्याच मुलखाचं काम त्याच्या टेबलावर आलं. उपग्रहानं दोन वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेली दोन चित्रं कॉम्प्युटरवर जुळवायची आणि त्यांतून जमिनीची उंची काढायची. एकेकटं चित्र कागदासारखं सपाट. पण रंगीत काचांचा चष्मा लावून दोन्ही एकदम पाहिली, की डोंगर पडद्यातून वर येतात. खाडीचा नवा बांध कुठून न्यायचा, ते या नकाशावरून ठरणार होतं.

शरीफनं चष्मा लावला आणि खाराच्या मधोमध एक टेकडी वर आली. तीन मजली घराएवढी उंच. गुळगुळीत, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी.

"हितेश, हे काय करून ठेवलंस?"

चित्रं हाताखालच्या हितेशनं जुळवली होती. "मी काय करणार? मशीननं दिलं ते ठेवलं," तो म्हणाला. पण नजरेला नजर त्यानं दिली नाही.

पोरानं घाईत उरकलंय, असं शरीफला वाटलं. दोन चित्रांच्या मधल्या काळात पीक कापलं गेलं किंवा पाणी चमकलं, तर मशीन फसतं. त्यानं सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा जुळवलं. टेकडी तिथंच. शेताचा एकेक बांध तिच्या अंगावरून नीट वर चढत होता आणि पलीकडे उतरत होता. चूक इतकी नेटकी नसते.

मग त्याचा संशय गाववाल्यांकडे वळला. कुणीतरी माती साठवली असेल, वीटभट्टीला विकली असेल आणि आता सगळे गप्प बसले असतील. त्यानं मोजणीचं यंत्र उचललं आणि कासू गाठलं.

खार उन्हानं वाळून दगड झाला होता. टेकडी नव्हतीच. आकड्यांची पट्टी धरायला जवळच्या वाडीतला गुणाजी म्हात्रे आला, आणि पाणी घेऊन त्याची बायको गिरजाबाई. शरीफ यंत्राला डोळा लावून बसला. गुणाजी पट्टी घेऊन शेताच्या मध्याकडे निघाला. पट्टीवरचा आकडा बोटभरही हलला नाही.

गुणाजी मात्र पुढे वाकून चालत होता. मधोमध पोचला आणि गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकू लागला.

"गुणाजीभाऊ, बरं नाही का?"

"बरा हाय की. चढ हाय ना, सायेब."

"कुठला चढ?"

"परक्याला कशापायी सांगता?" गिरजाबाई नवऱ्यावर खेकसली. मग शरीफकडे वळून हळूच म्हणाली, "उधाणानं बांध फुटला की आमची वाडी हितंच येऊन उभी ऱ्हाते. पोरं, गुरं, समदी. पाय भिजत नाय."

"आणि पाणी?"

"भोवतीनं जातं."

बांध आपल्या सोयीनं वळवून घ्यायला हे रचून सांगतायत, शरीफला वाटलं. तरी तो स्वतः मधोमध चालत गेला. दम लागला नाही. फक्त कानांत दडे बसले, घाटात बसतात तसे.

पुण्याला साहेबांनी सरळ विचारलं, "जाऊन मोजलंस ना? सपाट आहे ना? मग काढून टाक."

"राहू दे ना," हितेश शेजारून पुटपुटला. का, ते त्यालाही सांगता येईना.

शरीफनं पुन्हा चष्मा लावला. वाडीतली गुरं, पोरं डोळ्यांसमोर आली. पण जमिनीवर नसलेली टेकडी नकाशात ठेवायची तरी कशी? गुरुवारी जेवण झाल्यावर त्यानं तिच्याभोवती रेघ ओढली आणि आतली जमीन सपाट केली. टेकडी आवाज न करता खाली बसली. डोकं दुखायला लागलं म्हणून तो लवकर घरी गेला.

पुढच्या आठवड्यात स्टेशनजवळची मोजणीची एक खूण तपासायला त्याला पुन्हा कासूला यावं लागलं. वाडीत पुरुष घरांची कौलं उतरवत होते. बायका भांडी बांधत होत्या. सगळी वाडी निघायच्या तयारीत होती.

गिरजाबाई शेताच्या वाटेनं येत होती. डोईवर लाकडाची मोळी, पण चाल सरळ, भरभर. कपाळ मोकळं.

"मावशी, गुणाजीभाऊ?"

"गेलं."

"कधी?"

"गुरुवारी. जेवलं न् पेंढा आणाय गेलं. भारा घेऊन परत येत व्हतं."

"झालं काय?"

"पेणचा डाक्टर म्हनला, उंचावरनं पडलं. दोनी पाय, कंबर, समदं मोडलं."

शरीफनं चहूकडे पाहिलं. खारात एक झाड नव्हतं.

तिनं मोळी खाली टाकली. जवळ आली. आवाज चढवला नाही.

"सायेब, आमची माती कुठं नेलीत?"

शरीफ तिच्या बाजूनं पुढे होऊन शेताच्या मध्याकडे चालत गेला.

दगडासारख्या जमिनीत दोन टाचा रुतल्याच्या खुणा होत्या. पाय घोट्याच्याही वर जाईल इतक्या खोल. भोवती पेंढा अजून तसाच विखुरला होता.