तबेला नव्हेच तो!

"मामा, हा उतार फोडलास तर मी आत कशी येणार?" जुन्या बांधकामासमोर चाकांच्या खुर्चीतून ठकी ओरडली. सुट्टी लागताच झाडावरून पडून तिने पाय मोडून घेतला होता. तोंड मात्र शाबूत होतं!

"तुझं प्लास्टर निघेल लवकरच! हा घोड्यांचा तबेला होता, म्हणून उतार. आता वाचनालय होणार, मग पायऱ्या नकोत का?" इंजिनिअर मामा म्हणाला. "चहा पिऊन आलो की घालतो घण!" गवंड्यांना घेऊन तो निघून गेला.

ठकीच्या धाकट्या भावाला सगळे शंकासुर म्हणत. त्याने खुर्ची आत ढकलली. दाराची कडी ठकीने बसल्या बसल्या लावून पाहिली.

"ही कडी लावायला तुला वाकावं लागतं ना रे?"

"हो ना! पण घोडे कशाला कड्या लावतील?"

"तेच तर! खिडक्याही बुटक्या. बसलेल्या माणसांसाठी बांधलंय हे घर!"

"कोण बसलेली माणसं?"

ठकीच्या नाकासमोरच, दाराशेजारी, चुना फुगला होता. शंकासुराने तो नाण्याने भराभर खरवडला. खाली दगडात अक्षरं! ठकीने ती झरझर वाचून काढली. इतक्या मायेने बांधलेलं मोडायचं?

तेवढ्यात बाहेर पहिला घाव पडला.

"पळ, शंकासुरा!"

त्याने धावत जाऊन मामाचा हातच धरला. "थांबव! मामा, आधी आत चल!"

वाचायला मामाला उकिडवं बसावं लागलं. 'युद्धात जखमी झालेल्या जवानांच्या निवाऱ्यासाठी. या घरात त्यांना एकही पायरी चढावी लागू नये.'

"आम्ही दाराच्या वर पाटी शोधली. नाही दिसली, म्हणून तबेला ठरवून मोकळे झालो," मामा खाली मान घालून म्हणाला. मग बाहेर पाहून ओरडला, "घण ठेवा रे! उतार राहणार!"

एका कोपऱ्याचा टवका उडण्यावरच निभावलं होतं. ठकीचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास, कार्ट्यांनो! आमची अब्रू वाचवलीत!"

"पण हा दगड सगळ्यांना दिसेल असा वर बसवायचा का?" शंकासुराला शंका आलीच!

"मुळीच नाही," मामा म्हणाला. "त्या जवानांच्या डोळ्यांसमोर होता, तिथेच राहील. आपण वाकून वाचू."