मास्तरांच्या मशीनला कीबोर्ड लागेना

बसा रे. तो मोठा दिवा मालवा आधी, डोळ्यांवर येतो. आणि तू, पोरी, दारात उभी राहू नकोस. आत ये, नाहीतर मध्येच पळशील.

माझं दुकान तुम्हाला माहीत आहे. कीबोर्ड, माऊस, वायरी, चार्जर. मी कॉलेजची पायरी चढलो नाही. कॉम्प्युटरचं जे शिकलो ते गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून. मागे एक वकीलसाहेब बिनवायरचा माऊस घेऊन तीनदा परत आले. "मेलेला माल गळ्यात मारता तुम्ही," म्हणाले. मी झाकण उघडून बघितलं, तर बॅटरीवरची प्लास्टिकची पट्टीच काढलेली नव्हती. तेव्हापासून 'नवा माल चालत नाही' असं कोणी म्हणालं की मला आधी हसू येतं. त्या रात्रीही आलं. फोनवर हसलो मी. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

झालं ते आमच्या इंजिनिअरच्या बाबतीत. इंजिनिअर हे त्याचं टोपणनाव. दहावीला दोनदा आपटलेला माणूस, पण बंद पडलेलं मशीन त्याच्या हातात द्या, बोलायला लागेल. माझ्या दुकानातला माल तोच घरोघरी बसवून द्यायचा.

नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी दुकानात टायपिंगवाल्या मास्तरांच्या बायको आल्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. मास्तर जाऊन सात आठवडे झाले होते. तीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे, तक्रारी टाइप करून दिल्या त्या माणसाने. स्वतःचं म्हणून एकच लिहिलं. मुलीला पत्र. शेवटच्या दुखण्यात वहिनींना म्हणाले होते, "तिच्यासाठी सगळं मशीनमध्ये आहे. ती आली की छापून दे."

मुलीचं असं झालं होतं, की अकरा वर्षांपूर्वी ती भांडून घर सोडून गेली आणि महिन्याभराने एका रात्री बॅग घेऊन परत आली. वहिनी तेव्हा बहिणीकडे होत्या. मुलीने बेल वाजवली. मास्तर आत जागे होते. दार उघडलं नाही. का, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पोरगी दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहिली आणि पहाटे निघून गेली. ती गेलीच.

आता ती कायमची परदेशी चालली होती. शुक्रवारी सकाळी सहाच्या गाडीने येणार, दुपारी जाणार. फोनवर आईला म्हणाली, "पत्र असेल तर वाचते. नसेल तर मला पुन्हा बोलावू नकोस."

आणि वहिनींनी काय केलं होतं? मायेने ते मशीन, म्हणजे मास्तरांचा कॉम्प्युटर, पुसताना कीबोर्डही ओल्या फडक्याने पुसला. तो बिघडला, आणि त्यांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. पत्राच्या फाइलला पासवर्ड होता, मुलीचं घरातलं लाडाचं नाव. वहिनींना तो ठाऊक होता. पण टाइप कशाने करणार?

"एवढंच ना?" मी म्हणालो. "इंजिनिअरला पाठवतो. दहा मिनिटांचं काम आहे."

इंजिनिअर पावणेदहाला पोचला. तळमजल्याची पुढची खोली. टेबल, खुर्ची, प्रिंटर, भिंतीवर दरपत्रक. माऊस जुनाच होता आणि ठीक चालत होता. त्याने नवा कीबोर्ड लावला. त्याच्यावरचा दिवा लागला नाही. दुसऱ्या सॉकेटात लावला. नाही. बरोबर नेलेला दुसरा कीबोर्ड लावला. तोही नाही. मग सगळं काढून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर आलं, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायचं तर अमुक बटण दाबा.

"बघा काकू, शहाणपणा," इंजिनिअर म्हणाला. वहिनींना तो काकू म्हणायचा. "कीबोर्ड नाही म्हणतो आणि बटण दाबा म्हणतो. दाबू कशाने, नाकाने?"

काकू हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या असतील.

हसत असतानाच ती पाटी गेली. मशीन आपोआप पुढे सरकलं. कोणीतरी बटण दाबावं तसं.

साडेदहाला त्याने मला फोन केला. "शेठ, घेतच नाही हो. एकही घेत नाही."

"पट्टी काढलीस ना रे?" मी म्हणालो, आणि हसलो.

"मस्करी नको. इथे टेबलावर एकही कीबोर्ड लावलेला नाही, आणि मशीनच्या आतल्या यादीत एक दाखवतोय. चालू आहे म्हणतोय."

आमच्या धंद्यात याच्यावर एकच औषध. माल बदलला तरी मशीनच्या डोक्यात जुन्याची नोंद राहते. ती पुसली की नवा बिनतक्रार लागतो. हजार वेळा केलेलं काम. मी म्हणालो, "जुना आहे तो. काढून टाक त्याला. जुना गेल्याशिवाय नव्याला जागा होत नाही."

हे माझेच शब्द. लक्षात ठेवा.

पण काढून टाकायच्या आधी इंजिनिअरला वाटलं, पासवर्ड तेवढा माऊसने घालून बघू. पडद्यावर कीबोर्डचं चित्र आणता येतं, त्यातल्या अक्षरांवर टिचकी मारून टाइप करता येतं. त्याने फाइल उघडायला घेतली. पासवर्डची चौकट आली. खाली कीबोर्डचं चित्र आलं.

"सांगा काकू, पहिलं अक्षर."

काकूंनी तोंड उघडलं...

चित्रातलं एक अक्षर काळं झालं. मग दुसरं. मग तिसरं.

इंजिनिअरचा हात माऊसवर नव्हता.

"काकू, तुम्ही कशाला हात लावला?"

"नाही रे."

फाइल उघडली.

सात-आठ ओळी होत्या. ख्यालीखुशाली, आईची काळजी घे, असं. शेवटच्या ओळीपाशी रेघ लुकलुकत होती. घड्याळात अकरा वाजून एकोणीस मिनिटं.

चित्रातली अक्षरं पुन्हा काळी व्हायला लागली. एकामागून एक. भराभर. सराईत हात चालावा तशी. आणि वर कागदावर ओळ उमटू लागली.

'त्या रात्री तू बेल तीनदा वाजवलीस.'

खोलीत आवाज नव्हता. टेबलावर कीबोर्डची जागा रिकामी. काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

'मी दाराच्या आतच उभा होतो. कडीवर हात होता.'

"हे... हे आत्ता..." इंजिनिअर म्हणाला.

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "लिहू दे त्यांना."

'तुझी काहीच चूक नव्हती.'

थांबलं.

इंजिनिअरच्या मानेवर गार वारा आला. वाकून पडद्याकडे बघणाऱ्याचा श्वास लागावा, तसा. पण गार.

त्याने मागे बघितलं नाही.

'मी दार उघडलं नाही, कारण'

आणि त्याचा धीर सुटला. त्याला एकच गोष्ट सुचली, रोजची, हाताला सवय असलेली. मी सांगितलेली. त्याने माऊस धरला. यादी उघडली. जुना कीबोर्ड. काढा. खात्री आहे? हो.

अक्षरं थांबली.

बाजूला ठेवलेल्या नव्या कीबोर्डची वायर त्याने कधी खोचली, ते त्यालाही आठवत नाही. पण हिरवा दिवा लागला. नवा कीबोर्ड चालू झाला. बिनतक्रार.

काकू पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "काय केलंस रे..."

तो पहाटेपर्यंत बसला. जुनी नोंद परत आणायला बघितली. पत्र सेव्ह करून मशीन चार वेळा बंद-चालू केलं. नवा कीबोर्ड काढून ठेवला, दिवा मालवून वाट बघितली. 'कारण'च्या पुढे रेघ लुकलुकत राहिली.

"मग? मुलगी आली का, काका?"

आली. सहा वाजता. काकूंनी जेवढं होतं तेवढं छापून तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. 'कडीवर हात होता' इथे तिचे ओठ हलले, इंजिनिअरने बघितलं. मग कागदाच्या तळाशी तिची नजर गेली. मास्तरांच्या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर मजकूर शेवटचा लिहिल्याची तारीख आणि वेळ छापली जायची. धंद्याची शिस्त.

"आई," ती म्हणाली, "बाबांना जाऊन सात आठवडे झाले. हे काल रात्री अकरा चोवीसचं आहे."

काकूंनी मशीनकडे बोट दाखवलं.

तिने इंजिनिअरकडे बघितलं. नव्या कीबोर्डकडे बघितलं. "यांच्याकडून लिहून घेतलंस? आणि शेवटी कारणही सुचलं नाही तुम्हाला?"

कागद टेबलावर ठेवला. पाणीसुद्धा घेतलं नाही. पुन्हा फोन आला नाही तिचा. इंजिनिअरने ते काम सोडलं. आता गोदामात पहारा देतो, दिवसपाळीचा.

महिन्याभराने वहिनी दुकानात आल्या. कीबोर्ड पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला.

"हा परत घ्या."

"बिघडला का?"

"मला काय कळतं त्यातलं? इंजिनिअर लावून गेला तसाच होता, मी हात नाही लावला. मशीन मात्र रात्रंदिवस चालू ठेवते, पत्र उघडं ठेवून. रात्री कधी पुढे एखादं अक्षर आल्यासारखं वाटतं, पण सकाळी बघावं तर 'कारण'वरच आहे अजून."

त्या गेल्यावर मी कीबोर्ड उजेडात धरला. कोरा करकरीत. अक्षरांवरची चकाकीही गेलेली नव्हती. बोटाचा एक डाग नाही.

फक्त एक बटण. वरच्या ओळीत उजवीकडे असतं ना, लिहिलेलं खोडायचं? बॅकस्पेस.

त्याच्यावरची खूण पार पुसली गेली होती. आणि मधोमध, बोटाच्या पेराएवढा... खड्डा पडला होता.