पोपटाचा तिसरा खोकला

हा दिवा असू द्या. डोळ्यांवर येत असला तर खुर्ची जरा फिरवून घ्या, पण बटणाला हात लावू नका. का, ते सांगतो.

मी आरोग्य खात्यात आहे. पशुपक्ष्यांपासून माणसाला आजार झाला, की त्या घरी जाऊन तो प्राणी ताब्यात घ्यायचा, हे माझं काम. त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून पोपट आणायचा होता. त्याच्यापासून ताप येऊन घरातली म्हातारी गेली होती. मागे उरली तिची लेक, शाळेतली बाई.

खिडक्या बंद. पिसांचा आणि सुकलेल्या विष्ठेचा उग्र वास. पोपट पिंजऱ्यात अंग फुगवून बसला होता.

"दादा, दोन दिवस राहू द्या ना. ऐका तर…" बाई म्हणाल्या.

"बाळ, जेवलीस का?" पोपट म्हणाला. मागून ओला, घरघरता खोकला. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बोलणंही आईचं, खोकलाही आईचाच.

मग तो पुन्हा खोकला. कोरडा, तुटक. आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "दार उघडं ठेवा."

"हे कुठे शिकला?"

"कोण जाणे. कालपासून काढतोय. आई अशी खोकत नव्हती…"

माझीही आई गेली त्याला वर्षच झालं होतं. मन विरघळलं. तपासणी करून घ्या, एवढं बजावून मी नियम धाब्यावर बसवला. कामाच्या रगाड्यात दोन दिवसांचे आठ झाले.

नवव्या दिवशी बाई इस्पितळात होत्या. वॉर्डाच्या दाराशीच मला तो खोकला ऐकू आला. कोरडा, तुटक.

"दार उघडं ठेवा," त्या नर्सला म्हणाल्या. त्यानंतर काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी गेल्या. माझ्या ढिलाईने गेल्या. मला कोणी बोललं नाही, पण मला ठाऊक आहे.

मग त्यांच्या घरून पोपट उचलला, पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवून निघालो. फडक्याखालून खोकला आला. बारीक, लहान पोरीचा.

"बाबा, पाणी…" पुन्हा खोकला. "बाबा, दिवा बंद करू नको ना."

गाडी थांबवून फडकं उचललं. पोपट मरून पडला होता. हात लावला तर गारठून कडक झालेला.

आवाज माझ्या लेकीचा होता. गाडी पिटाळत घरी आलो. ती अभ्यासाला बसली होती, वहीत खूण म्हणून हिरवं पीस.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्याच पिशवीत होतं, बाबा. मागच्या आठवड्यात."

पीस जाळलं. त्याच दिवशी औषध सुरू केलं. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत, काळजी नको. तरी काल खोकला लागलाच. मघाशी तुम्ही चहा घेत होतात, तेव्हा आतून हाक आली, ऐकलीत ना? पाणी मागत होती. दिलं मी.

आता एकच वाक्य उरलंय. म्हणून तिच्या खोलीतला, इथला, जिन्यातला, कुठलाच दिवा मी घालवत नाही. दिवा बंदच झाला नाही, तर ती ते म्हणेल कशाला?

हा आत्ता मंद झाला… तुम्ही बटणाला हात लावला नाहीत ना?