जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात

वनखात्याच्या परवाना खिडकीशी ती पोचली, तेव्हा आतला कारकून खिडकी लावतच होता. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीत सकाळपासून उभं राहून तिचे पाय बोलायला लागले होते.

"पाचच मिनिटं... प्लीज!"

त्याने वर पाहिलं. म्हणजे आधी चष्मा नाकावरून घसरला, मग त्याने तो सावरला आणि मग पाहिलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"किती जण?"

"बारा. ओढ्याकाठची तंबूची जागा हवी आहे. महिन्याचा शेवटचा शनिवार."

"तिथे काही नाही हं," तो म्हणाला. "नळ नाही, दिवे नाहीत, संडास नाही. पाणी वाहून न्यायचं, खड्डा आपला आपण खणायचा, कचरा परत आणायचा. हे सगळं बघायला एक जबाबदार व्यक्ती लागते. सही इथे."

तिने न वाचताच सही ठोकली. घरचं असो, मित्रमंडळींचं असो, त्या रकान्यात कायम तिचंच नाव. दोन वर्षांत तिने स्वतःसाठी एक दिवस काढला नव्हता. झाडांखाली एक रात्र निवांत पडावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठीही आधी बारा जणांची मोट बांधायची होती.

फॉर्म परत घेताना त्याचा चष्मा पुन्हा घसरला. तिच्याने राहवेना.

"द्या तो इकडे." पर्समधून इवलासा पेचकस निघाला, एक स्क्रू निघाला. "हा दोरा कुणी बांधला?"

"मीच. छान बांधलाय ना?"

"बुटाची नाडी बांधावी तसा बांधलाय."

तो हसला. चष्मा लावून त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आता नीट दिसतंय," तो म्हणाला, आणि ती उगाचच पर्स चाचपत राहिली.

चार दिवसांनी ती परत हजर. मावसभाऊ, त्याची बायको आणि मेहुणी, तिघांनी काढता पाय घेतला होता. जमिनीवर झोपून म्हणे कंबर धरते. आकडा बदलला की फॉर्म नवा, असा नियम.

"नऊ," ती थकून म्हणाली.

"बसा आधी." त्याने आतून खुर्ची आणून दिली. पाण्याचा ग्लास दिला.

बसा आधी! असं तिला शेवटचं कोण म्हणालं होतं, ते काही तिला आठवेना. तिने सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

पुढच्या आठवड्यात मित्रमंडळींतला लंबू आणि त्याचे दोन दोस्त गळाले, कारण तिथे मोबाईल चार्ज होणार नव्हता. खरं सांगायचं तर या वेळी रागाबरोबर तिला थोडी... अगदी थोडी... खुशीही झाली. खिडकीशी जाण्यापूर्वी तिने केस विंचरले.

"सहा," ती म्हणाली.

"आता एकही गळाला तर परवाना रद्द. सहाच्या खाली आम्ही सोडत नाही." मग हळूच, "तुम्ही नाही ना गळणार?"

"मी गळाले तर पाण्याचे कॅन कोण उचलणार?"

तो हसला नाही. "रोज एवढं उचलता?" त्याने विचारलं. तिने फॉर्म पुढे ओढला आणि सही केली.

सहलीच्या दोन दिवस आधी दादाचा फोन आला. वहिनीला आणि मुलांना किड्यांची भीती वाटते, म्हणून ते चौघं येत नाहीत. पाठोपाठ मैत्रिणीने हात वर केले. उरली ती एकटी. एवढे दिवस केलेल्या याद्या, फोन, मनधरण्या, सगळं मुसळ केरात. ती खिडकीशी गेली तेव्हा तिला अगदी कंटाळा कंटाळा आला होता.

"रद्द करायचंय. एकच... मीच."

तो खुर्ची घेऊन आला. मग एक भरलेला फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्याची ताई, भावजी, त्यांच्या दोन मुली आणि तो स्वतः. सहावी ओळ कोरी.

"हे कधी भरलंत?"

"बारा, नऊ, सहा... तेवढं गणित मला येतं. ताईला सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, चष्मा नीट करणारी असेल तर आणच."

"पाणी?"

"मी."

"खड्डा?"

"भावजी. त्यांना हौस आहे."

"आणि मी काय करायचं?"

"बसायचं," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "माझ्या शेजारी... चालत असेल तर."

फोन वाजला. दादाचा मेसेज होता. पुढच्या महिन्यात जाऊ, तूच सगळं ठरव. तिने फोन पालथा ठेवला आणि सहाव्या ओळीत आपलं नाव लिहिलं.

मग सवयीने तिचा हात खाली गेला, जबाबदार व्यक्तीच्या रकान्याकडे. तिथे आधीच सही होती. त्याची.

तिने पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती, आणि खुर्चीवरून उठायची तिला मुळीच घाई नव्हती.